शिगेची पायली

पायली हे माप पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, पुढच्या काही वर्षांत शेर गेला, पायली गेली आणि गावोगाव किलो आला. सरकारला वाटलं, चला, लबाडी संपली. सरकार कधीकधी फार भोळं असतं. पायली बिचारी लबाड नव्हतीच. लबाडी होती शिगेत. शेतकऱ्याची ज्वारी घेताना व्यापारी पायलीवर शीग चढवून घ्यायचा, अगदी दाणे ओघळून खाली पडेपर्यंत. आणि तीच ज्वारी चार महिन्यांनी त्याच शेतकऱ्याला देताना पायलीच्या काठावरून तळहात असा काही फिरवायचा, की एक दाणा वर राहू नये. पायली दोन्ही वेळा तीच. माप खोटं आहे असं म्हणायची सोय नाही.

आता पायली गेली, पण शीग शिल्लक आहे. ती मान-अपमानाच्या व्यवहारात शिरली आहे. दुसऱ्याने केलेला अपमान आपण शीग लावून घेतो, आणि आपण केलेला, तळहात फिरवून देतो.

हे सगळं सुचायला मी राहतो ते गाव फार सोयीचं आहे. गावाचं नाव आंजी (मोठी), जिल्हा वर्धा. कंस हा नावाचाच भाग आहे, छपाईची चूक नव्हे. कंसात ‘मोठी’ आहे म्हणजे कुठंतरी एखादी धाकटी आंजीही असणारच. आम्ही आमचं ‘मोठी’ पोस्टाच्या पाकिटावरसुद्धा विसरत नाही. धाकटीला काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मोठ्यांच्या कंसात सहसा असंच असतं.

तर 2007 साल. जानेवारी महिना. इंग्लंडातल्या दूरदर्शनवर ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ नावाचा कार्यक्रम चालू होता. काही प्रसिद्ध माणसांना एका घरात कोंडायचं आणि त्यांची भांडणं साऱ्या देशाला दाखवायची. (भांडणासाठी माणसांना मुद्दाम कोंडावं का लागतं, असा प्रश्न एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला पडतो, पण ते असो.) त्या घरात आपली शिल्पा शेट्टी होती, आणि जेड गुडी नावाची एक बाई होती. ह्या बाईने शिल्पाचं आडनाव बदलून ‘पापडम’ केलं. बाकीच्या दोघीतिघींनी तिच्या बोलण्याची नक्कल केली. झालं! तिथल्या नियामक मंडळाकडे चाळीस हजारांवर तक्रारी गेल्या, पाटण्यात पुतळे जळले, खुद्द ब्रिटिश पंतप्रधानांना संसदेत उत्तर द्यावं लागलं.

आमच्या पानठेल्यावरही हवा तापली. ज्यांनी शिल्पा शेट्टीचा एक सिनेमा धड पाहिला नव्हता, तेही सुपारी कातरता कातरता म्हणत होते, “आपल्या पोरीले पापड म्हन्ते का बे! काय समजते सोताले?” मला त्यांचा राग पटला. अपमान खराच होता. फक्त ‘आपल्या पोरीले’ ह्या शब्दावर मी जरा थबकलो. शेट्टी मंडळी मूळची मंगळूरकडची, तुळू बोलणारी. 1960 नंतरच्या दशकात मुंबईत ह्याच मुलखातल्या लोकांच्या उडपी हॉटेलांवर दगड पडत होते, आणि ‘लुंगीवाले’ हा शब्द आपण शिवी म्हणून, मोठ्यानं, भिंतीवर रंगवून वापरत होतो. पण लुंगी घरातली आणि पापड परक्याचा. घरातल्या शब्दावर तळहात फिरला होता.

आता त्याच वर्षाचा ऑक्टोबर घ्या. ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आलेला. त्यात अँड्र्यू सायमंड्स. आई-बापांपैकी एकाचं मूळ वेस्ट इंडीजकडचं, रंग सावळा, केसांच्या जटा, आणि बॅट फिरवली की चेंडू थेट प्रेक्षकांत. वडोदऱ्याला आणि मग मुंबईला वानखेडेवर प्रेक्षकांतल्या काही मंडळींनी त्याला पाहून माकडासारखे आवाज काढले, हातवारे केले. छायाचित्रं निघाली, पोलिसांनी काहींना बाहेर काढलं. जानेवारीत ज्या देशाने पापडासाठी पुतळे जाळले, त्याच देशाने नऊ महिन्यांनी माकडाचे आवाज काढले. मधे फक्त एक पावसाळा गेला होता.

पानठेल्यावर ह्या खेपेला तापमान अगदी बेताचं. “पब्लिक आहे जी मास्तर, पब्लिक गंमत करतेच.” दुसरे एक जण विचारपूर्वक म्हणाले, “आपल्याकडे तं मारुतीची पूजा होते. माकड म्हटल्यानं अपमान कसा होईन?” हा युक्तिवाद नंतर शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही मी ऐकला. मारुतीला आपण दर शनिवारी तेल वाहतो, शेंदूर लावतो, रुईच्या पानांची माळ घालतो. वानखेडेवर सायमंड्सला कुणी रुईची माळ घातल्याचं ऐकिवात नाही. उद्या हे विद्वान गृहस्थ तहसील कचेरीत गेले आणि कारकुनानं त्यांना “या माकडोबा, बसा” असं म्हटलं, तर ते ही पूजा समजून नारळ फोडतील काय?

पुढचा अंक जानेवारी 2008 चा, सिडनीचा. सायमंड्सला हरभजनसिंगने ‘मंकी’ म्हटलं असा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपील झालं. न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यापुढे सचिन तेंडुलकरची साक्ष झाली आणि एक भाषाशास्त्रीय मुद्दा पुढे आला, की हिंदीत आईवरून दिली जाणारी एक शिवी कानाला ‘मंकी’सारखी लागू शकते. वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही. अर्वाच्य भाषेबद्दल अर्धं मानधन दंड झाला आणि प्रकरण मिटलं.

न्यायाधीशांनी पुराव्यावर निकाल दिला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला मौज वाटते ती आपल्या सुटकेच्या निःश्वासाची. त्या दिवशी सारा देश हुश्श करून म्हणाला, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो? आईवरून शिवी दिली असेल, पण वंशावरून नाही!’ देशाची अब्रू वाचली. कुणाच्या तरी आईची गेली, पण त्या बिचारीला सामन्याचं आमंत्रणच नव्हतं. ज्या संस्कृतीत मातेला देवाच्या ओळीत बसवतात, तिच्यात हा बचाव ठरतो आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. सायमंड्स 2022 साली मोटार अपघातात गेला, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी फार प्रेमानं त्याच्या षटकारांच्या आठवणी छापल्या.

प्रेमावरून आठवलं. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी हैदराबादच्या संघाकडून आयपीएल खेळला. तिथे काही सहकारी त्याला ‘काळू’ म्हणायचे. ह्याला वाटायचं, ‘दणकट गडी’ असं काहीतरी असेल, म्हणून तोही हसायचा. 2020 साली त्याला अर्थ कळला आणि तो संतापला. मग त्यांच्यातल्या एकाशी त्याचं बोलणं झालं, आणि ‘ते प्रेमानं होतं’ असा उलगडा झाला. असेलही. मराठी माणसाला तर हे चटकन पटेल. आपल्याकडे पोरगं सावळं निघालं की आई लाडानं ‘काळ्या’ म्हणते, आजी दृष्ट काढते, आणि पंढरपूरचा विठोबा तर सावळा म्हणूनच आपला. मग सॅमीला राग का यावा?

इथे खरा पेच आहे. शब्द तोच, आई म्हणाली की लाड, परक्यानं म्हटला की शिवी. मग शिवी असते कुठे? शब्दात, बोलणाऱ्याच्या मनात, की ऐकणाऱ्याच्या कानात? मी पेन्शनीत निघालेला मास्तर आहे, माझ्याजवळ वेळ भरपूर. त्यामुळे हा प्रश्न सोडवायला मी ग्रंथालयात न जाता एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

त्या टपरीवर एक पोरगा कपबशा विसळतो. गिऱ्हाईकं त्याला ‘काळ्या’ म्हणतात. “काळ्या, दोन कट आण बे.” त्याच टपरीवर रोज एक बडे शेतकरी येतात. रंगानं ते पोराच्या बरोबरीचे, उन्हाळ्यात थोडे पुढेच. त्यांना सगळे ‘पाटीलसाहेब’ म्हणतात. दोघे शेजारी उभे राहिले तर रंगाच्या दुकानदाराला फरक सांगता येणार नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ‘काळ्या’ हा रंग नाहीच. तो हुद्दा आहे. जसा तहसीलदार, जसा चपराशी, तसा काळ्या. आणि ह्या हुद्द्याची खूण अशी, की तो शब्द उलट दिशेनं जात नाही. पाटीलसाहेब त्या पोराला ‘काळ्या’ म्हणू शकतात. त्यानं एकदा “घ्या, काळ्या, चहा” असं म्हणून पाहावं. प्रेमानंच म्हणावं!

दोन दोस्त एकमेकांना टकल्या-ढेऱ्या म्हणतात तेव्हा हिशेब चुकता होतो, कारण परतफेड करता येते. आईच्या ‘काळ्या’त पोराला रुसायची मुभा असते. जिथं परत म्हणता येत नाही आणि रुसताही येत नाही, तिथं प्रेमाची साक्ष काढण्यात अर्थ नाही. सॅमीही पाहुणा होता, शब्दाचा अर्थसुद्धा त्याच्या हातात नव्हता.

आम्ही विदर्भातले लोक ह्या बाबतीत घेणाऱ्या गटात मोडतो, असं आम्हाला फार वाटतं. मराठी मालिकेत आमची बोली येते ती बहुधा गड्याच्या किंवा विदूषकाच्या तोंडी. ‘काहून’ म्हटलं की प्रेक्षक हसतात. न्यायाधीश, डॉक्टर, नायिकेचे वडील हे सगळे पुण्याचं बोलतात. ह्याचा आमच्या गावाला मनस्वी राग आहे. आणि त्याच गावाच्या गणपतीत नाटुकलं बसतं, त्यात हमखास एक गुरखा असतो. तो ‘शाब जी’ म्हणतो आणि त्याला काही कळत नाही, एवढंच त्याचं काम. एकदा जंगलातला माणूस हवा होता, तर एका पोराच्या तोंडाला तव्याची काजळी फासली. टाळ्या पडल्या. ‘काहून’वर शीग, काजळीवर तळहात.

वर्तमानपत्रांची गोष्ट तर औरच. पहिल्या पानावर अग्रलेखाच्या तोडीचा संताप, आणि रविवारच्या आतल्या पानावर ‘वधू पाहिजे’. माझे एक शेजारी आहेत. नाव सांगत नाही, कारण आंजी मोठी असली तरी तेवढी मोठी नाही. भाऊ म्हणू. 2020 च्या मे महिन्यात अमेरिकेत एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉईडच्या मानेवर गुडघा दाबून त्याला मारलं, तेव्हा भाऊ आठ दिवस नीट जेवले नव्हते. “रंगावरून मानूस मारते का जी? कोन्त्या जमान्यात राह्यतात हे लोकं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

दोनेक वर्षांनी भाऊ एक कागद घेऊन आले. मुलासाठी जाहिरात द्यायची होती. “मास्तर, जरा शुद्धलेखन पाहून द्या.” कागदावर लिहिलं होतं, ‘गोरी, उंच, सडपातळ, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे. एससी, एसटी क्षमस्व.’

शुद्धलेखन अचूक होतं. ‘क्षमस्व’ भल्याभल्यांचा चुकतो, भाऊंनी बरोबर लिहिला होता. मराठी भाषेचं मला ह्या बाबतीत कौतुक वाटतं. माणसाला दारातून घालवायचं असलं तर संस्कृतात घालवायची सोय आहे.

“भाऊ, हे क्षमस्व कोणाला?”

“ते लिहाच लागते जी. सगळेच लिहितात.”

“आणि गोरी?”

“पोरगा आपला जरा सावळा आहे नं. मंग पोरगी गोरी पाह्यजे. पुढची पिढी सुधरते.”

तेवढ्यात माझी पुतणी चहा घेऊन आली. ती वर्ध्याला शिकते, हुशार आहे, आणि तिला तीन ठिकाणी कांदेपोहे करून झाले आहेत. तिन्ही ठिकाणांहून निरोप एकच आला होता, ‘मुलगी चांगली आहे, पण...’ ह्या ‘पण’च्या पुढचा शब्द कुणी उच्चारला नाही. आम्हा सगळ्यांना तो ठाऊक आहे. तिनं भाऊंच्या खांद्यावरून कागद वाचला आणि म्हणाली, “मामाजी, एक शब्द राह्यला. ‘सावळी, क्षमस्व’ असंही लिहा. त्यांची माफी मागता, तं माझीही मागा.”

भाऊ मनापासून दचकले. “अवं, तुले कोन म्हन्ते? तू तं आपली पोर आहेस! हे बाहेरच्यासाठी आहे.”

ती काही बोलली नाही. ट्रे उचलून आत गेली. त्या दिवशी तिनं स्वतःचा चहा घेतला नाही, एवढं माझ्या लक्षात आहे. भाऊंनाही लागलं असावं, कारण जाहिरात छापून आली तेव्हा तिच्यात बदल होता. ‘गोरी’ काढून ‘उजळ’ केलं होतं. बाकी मजकूर, क्षमस्वसकट, जागच्या जागी.

ह्यात भाऊंना हसण्यासारखं काही नाही. 1975 पासून देशभर खपणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ ह्या मलमानंही 2020 साली हेच केलं. ‘फेअर’ म्हणजे गोरी, तो शब्द काढला आणि ‘ग्लो’, म्हणजे तेजाळ, घातला. मोठ्या कंपन्यांना जे सल्लागार नेमून सुचतं, ते भाऊंना पुतणीच्या एका वाक्यात सुचलं.

शब्द बदलण्याचा हा उद्योग सरकारही करतं. ऑगस्ट 2018 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी वाहिन्यांना कळवलं, की ‘दलित’ शब्द टाळा, ‘अनुसूचित जाती’ म्हणा. त्याआधी हे प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं होतं. ह्यावर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. कारण ‘दलित’ हा शब्द अनेकांनी स्वतः निवडून छातीवर लावला होता. 1972 साली मुंबईत तरुण पोरांनी ‘दलित पँथर’ काढली, तेव्हा ते नाव त्यांना कुणी दिलं नव्हतं. उलट ‘हरिजन’ पाहा. शब्द किती गोड! आमच्या वर्ध्याच्या अंगणात राहिलेल्या गांधीजींनी तो चांगल्या हेतूनं रूढ केला. पण 1938 साली मुंबईच्या विधानसभेत तो शब्द कायद्यात आला, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी निषेध करून सभागृहाबाहेर पडले. हेतू चांगला होता, शब्द देवाचा होता, फक्त ज्यांना तो चिकटवायचा त्यांना विचारलं नव्हतं.

यावर कुणीतरी हटकून विचारतो, “म्हणजे त्यांनी स्वतःला म्हटलं तर चालतं आणि आम्ही म्हटलं की गुन्हा! हाच दुटप्पीपणा नाही का?” नाही, साहेब. मी माझ्या धोतराचं फाटकं ठिगळ दाखवणं आणि तुम्ही भर चौकात ते ओढून दाखवणं, ह्यात फरक केला तर त्याला दुटप्पी म्हणत नाहीत. वर कोण आणि खाली कोण, हे पाहूनच शब्द तोलावा लागतो. दुटप्पीपणा तो, ज्यात बोलणाऱ्याचं नाव कळेपर्यंत आपण मत राखून ठेवतो. आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या संघाचा निघाला की तळहात, दुसऱ्याचा निघाला की शीग. तेव्हा माझं साधं म्हणणं असं, की बातमी वाचताना माणसांच्या नावांवर बोट ठेवावं आणि मग राग किती येतो ते पाहावं. नाव झाकावं, उंची झाकू नये. मग पापड आणि लुंगी, वानखेडे आणि मिनीॲपोलिस, यांचं वजन आपोआप एका काट्यावर येतं.

असा काटा वापरला की करमणूक थोडी कमी होते, हे कबूल. पानठेल्यावर लोक मला हल्ली बातम्या सांगत नाहीत. “मास्तर बोट ठेवते,” म्हणतात. टपरीवरचा अनुभव मात्र निराळा. त्या कपबशा विसळणाऱ्या पोराचं नाव मी विचारून घेतलं आणि त्याच नावानं हाक मारू लागलो. पहिल्यांदा मारली तेव्हा पाटीलसाहेब शेजारीच बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि टपरीवाल्याला विचारलं, “का रे, नवा पोरगा ठेवला का?”